दोन टोकांमधले घर

बायपोलर या आजाराला नाव पडले ते त्याच्या दोन टोकांवरून: एकीकडे उन्माद, दुसरीकडे नैराश्य. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पॅरिसमध्ये झाँ-पिएर फालरे यांनी त्याला चक्रासारखे फिरणारे वेड म्हटले. १८९९मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी उन्माद आणि नैराश्य एकाच आजाराच्या पोटात घातले, आणि आजचे नाव १९८०मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणातून रूढ झाले. मराठीत ‘द्विध्रुवीय विकार’ असा शब्द घडवला गेला, पण तो पुस्तकातच राहिला. घरात म्हणतात, ‘परत सुरू झालंय.’ या वाक्याला कर्ता नसतो आणि घरातल्या कोणाला तो विचारावाही लागत नाही.

उन्मादाची पहिली खूण बहुधा झोपेत दिसते. झोप उडालेला एरवीचा माणूस सकाळी कुरकुरत उठतो. हा दोन तास पडतो आणि ताजातवाना असतो. रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसतो. माळ्यावरचे पितळी डबे खाली आलेले असतात, निम्मे चिंचेने घासून ओट्यावर ओळीने मांडलेले, आणि घासणारा माणूस पोळीभाजी केंद्र काढले तर महिन्याला किती सुटतील ते सांगत असतो. हिशेब चुकीचा नसतो, हीच खरी अडचण. सुरुवातीच्या दिवसांत कल्पना खरोखर चांगल्या असतात, विनोद जमतात, वर्षानुवर्षे रुसलेल्या नातेवाइकांना फोन जातात. घर सुखावते. मग बोलण्याला विराम राहत नाही, अडवले की राग उसळतो, एफडी मोडली जाते, दारात पार्सलांचा ढीग लागतो. निदानाच्या निकषांनुसार उन्माद निदान आठवडाभर आणि त्याचे सौम्य रूप निदान चार दिवस दिसावे लागते. घराला दुसऱ्या रात्रीच कळलेले असते.

नंतर उतार लागतो, आणि तो लांबतो. बहुतेक रुग्णांच्या आयुष्यात उन्मादापेक्षा नैराश्याचेच दिवस कितीतरी अधिक असतात. पण गंमत अशी की, उन्मादाला आजार मानायला घर लवकर शिकते. नैराश्याला ते ‘आळस’ म्हणत राहते. आंघोळ चार दिवस टळते, दूध ओट्यावर नासते, फोन वाजून बंद होतो, आणि कोणीतरी दारात उभे राहून म्हणते, ‘जरा बाहेर पड, बरं वाटेल.’ पाय मोडलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही.

निदान चुकते तेही याच टप्प्यावर. माणूस डॉक्टरकडे जातो तो खाली असताना. वरच्या दिवसांबद्दल तो बोलत नाही, कारण त्याच्या लेखी ते आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते. मग फक्त नैराश्याचे औषध सुरू होते, आणि एकट्या त्या औषधाने काही जण पुन्हा उन्मादाकडे ढकलले जातात. इथे घरच्यांची साक्ष लागते. ‘तीन वर्षांपूर्वी दिवाळीत पंधरा दिवस झोपलाच नव्हता’ हे एक वाक्य डॉक्टरच्या कागदावर उतरले, तर उपचारांची दिशा बदलते.

आजार साधारण ऐन तारुण्यात डोके काढतो. त्यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे, पण पालकाला आहे म्हणून मुलाला होणारच असे नाही. बहुतेक मुलांना तो होत नाही. ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सांगितले जाते ते ‘बाहेरचं काहीतरी आहे’ किंवा ‘लग्न करून द्या, सुधारेल’. पहिल्याने उपचाराचे महिने वाया जातात. दुसऱ्याने आणखी एक माणूस अंधारात ठेवून घरात आणला जातो, आणि आजारी स्त्री असेल तर बाळंतपणानंतरचे आठवडे उलटण्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात.

लिथियमची गोष्ट घराने ऐकण्यासारखी आहे. मोबाइलच्या बॅटरीत असतो तोच हा धातू. त्याचा क्षार १९४९मध्ये मेलबर्नजवळच्या एका रुग्णालयातले डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादावर वापरल्याचे जाहीर केले. जपान्यांच्या कैदेतून सुटून आलेल्या या डॉक्टरने आधी तो गिनीपिगांवर आणि स्वतःवर वापरून पाहिला होता. त्यांचा पहिला रुग्ण ५१ वर्षांचा, पाच वर्षे सतत उन्मादात असलेला. काही महिन्यांत तो घरी गेला आणि जुन्या कामावर रुजू झाला. मग बरे वाटू लागले तशी गोळी टळू लागली, थांबली, आणि तो पुन्हा दाखल झाला. ‘आता बरा आहे, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न लिथियमइतकाच जुना आहे.

त्या गोळीचा तराजू नाजूक असतो. रक्तातली पातळी बहुतेकांसाठी लिटरमागे ०.६ ते १ मिलीमोल या अरुंद पट्ट्यात ठेवतात. दीडच्या वर विषबाधेची भीती. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचे, आणि थायरॉइड व मूत्रपिंडाच्या तपासण्याही ठरावीक काळाने करायच्या. शरीरातले पाणी किंवा मीठ घटले की पातळी चढते. म्हणून मे महिन्याचा घाम, जुलाब, अचानक सुरू केलेले अळणी जेवण आणि हरतालिकेचा निर्जळी उपवास या गोष्टी अशा घरात डॉक्टरला विचारण्याच्या होतात. अंगदुखीवर सहज घेतलेली आयबुप्रोफेनची गोळीही त्यातलीच. हात जोरात थरथरू लागले, उलट्या झाल्या, तोल जाऊ लागला किंवा जीभ अडखळू लागली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. लिथियम सर्वांना चालत नाही. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापीन अशी इतर औषधे आहेत. त्यातले व्हॅल्प्रोएट गर्भाला अपायकारक असल्याने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना शक्यतो देत नाहीत.

एवढे सगळे जमले तरी एक गोष्ट उरते, आणि ती कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसत नाही. आजार उतरल्यावर घराला हसण्याचा संशय लागतो. लग्नाच्या पंगतीत माणूस मोठ्याने हसला की समोरून बायकोची नजर येते. त्याने नवा शर्ट आणला, पेटी काढून बसला, पहाटे फिरायला निघाला, की मागून प्रश्न येतो, ‘गोळी घेतलीस ना?’ प्रश्न प्रेमाचाच असतो. पण तो दिवसातून चार वेळा ऐकणारा माणूस हळूहळू हसणे आखडते घेतो, आणि घर त्याला ‘शांत झाला’ म्हणते. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोरुग्णालयातून घरी परतलेल्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा सतत टीका, वैर किंवा अतिरेकी भावनिक गुंतवणूक असलेल्या घरांत आजार अधिक वेळा उलटतो असे दिसले. ते काम स्किझोफ्रेनियावरचे होते. पुढे बायपोलरमध्येही तसेच आढळले, आणि त्यातूनच रुग्णासह सगळ्या कुटुंबाला बसवून बोलते करण्याची उपचारपद्धती अमेरिकेत डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी उभी केली. टीका वाईट हे कोणालाही पटते. अति काळजीही त्याच यादीत आहे, हे मराठी आईला पटवणे अवघड.

संशयाला एक साधा पर्याय आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचे खाडे मांडतात, त्याच चौकटीत पेन्सिलीने झोपेचे तास लिहायचे. लिहायचे ते ज्याची झोप आहे त्यानेच. सात, सात, साडेसहा, पाच, साडेतीन. हा उतार दिसला की डॉक्टरला फोन करायचा, हे आधीच ठरलेले असते. मग बोट आकड्याकडे जाते, माणसाकडे नाही.

या आजारात घराचे खरे काम असते ते दोन टोकांमधल्या या निवांत दिवसांत, आणि नेमके तेव्हाच घर विषय काढत नाही. चांगलं चाललंय, कशाला आठवण? पण उन्मादातल्या माणसाशी वाद घालून कोणी जिंकलेले नाही. जे मान्य करून घ्यायचे ते याच दिवसांत. मोठ्या खर्चाला दोघांच्या सह्या, गाडीची किल्ली कोणाकडे, कुठल्या खुणेनंतर कोणाचे ऐकायचे. २९ मे २०१८पासून लागू झालेल्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने याला आधारही दिला आहे: शुद्धीत असताना माणूस आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे लेखी सांगून ठेवू शकतो आणि आपल्या वतीने निर्णयाला मदत करणारा प्रतिनिधी नेमू शकतो. तातडीच्या प्रसंगी ही लेखी सूचना लागू होत नाही, तरी एरवी तिला वजन असते.

मरणाचे विचारही या आजाराच्या वाटेवर भेटतात. त्याबद्दल स्पष्ट विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी गोळ्यांचा साठा घरातल्या दुसऱ्या कोणाकडे असावा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि मराठीतही मिळते. तिथे रुग्णाइतकाच त्याच्याबरोबर जागणारा माणूसही फोन करू शकतो.

हर्नियाच्या ऑपरेशनला सफरचंदे घेऊन धावणारे नातेवाईक या घरांकडे फिरकत नाहीत. तुमच्या माहितीत असे घर असेल तर जरूर जा. आणि ‘आता कसं आहे?’ हा प्रश्न दाराआड बायकोला किंवा आईला न विचारता, समोर बसलेल्या त्या माणसालाच विचारा.