खर्रा, गाठ आणि विषाणू

‘टाटाले नेऊन राहिले.’ गोंदियात एवढं कानावर आलं की पुढचं कुणी विचारत नाही. मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाकडे नेणारी विदर्भ एक्स्प्रेस इथूनच सुटते. आता नागपुरातही कॅन्सरची मोठी रुग्णालयं आहेत, तरी तोंडी नाव टाटाचंच.

•

राज्यात गुटखाबंदी २०१२ ची. पानठेल्यावर खर्रा घोटणं चालूच: सुपारी, तंबाखू, चुना. गाठ बहुधा गालाच्या आत, जिथे तो दाबून ठेवतात तिथेच.

•

विषाणूनं कॅन्सर मारायचा, हे ऐकायला उफराटं, पण तर्क सरळ आहे. निरोगी पेशीत विषाणू शिरला की ती इंटरफेरॉन सोडून शेजाऱ्यांना सावध करते. अनेक कॅन्सरपेशींत ही सोयच मोडलेली असते. विषाणू तिथे बिनधास्त वाढतो, पेशी फुटते, आतली प्रथिनं बाहेर सांडतात आणि तोवर गाफील असलेली प्रतिकारशक्ती जागी होते. माझ्या लेखी खरं औषध हे शेवटचंच.

•

चीननं २००५ मध्ये एच-१०१ ला परवानगी दिली: जनुकांचा काही भाग काढलेला अ‍ॅडिनोव्हायरस, केमोच्या जोडीनं, डोक्या-मानेच्या कॅन्सरवर. म्हणजे आपल्याच मुलखातल्या दुखण्याच्या आसपास. इथे मात्र त्याची चर्चा नाही.

•

अमेरिकेनं २०१५ मध्ये मान्य केलेलं टी-व्हेक हे बदललेल्या हर्पिस विषाणूचं, मेलेनोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी. ४३६ रुग्णांच्या चाचणीत टिकाऊ प्रतिसाद १६.३ टक्क्यांना, तुलनेच्या गटात २.१. चांगलं आहे, चमत्कार नाही. साठवण उणे ७० अंशांच्या खाली. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि वीज जाते.

•

क्रोएशियाच्या बेआटा हलासी. २०२० मध्ये स्तनाचा कॅन्सर पुन्हा उलटला, तेव्हा प्रयोगशाळेत वाढवलेला गोवराचा विषाणू आणि नंतर दुसरा एक विषाणू त्यांनी स्वतःच्याच गाठीत टोचला. गाठ आक्रसली, मग शस्त्रक्रिया झाली. शोधनिबंध २०२४ चा. गोवराचा तो वाण एडमन्स्टन-झाग्रेब, पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ज्यापासून लस करते तोच. म्हणून कुणी लसीची कुपी गाठीत रिकामी करू नये. बाई स्वतः विषाणुतज्ज्ञ, शिवाय कर्करोगतज्ज्ञ नजर ठेवून होते. एका रुग्णावरून उपचार ठरत नाही.

•

मुंबईत विषाणू वेगळ्या कामाला जुंपलाय. आयआयटी आणि टाटा रुग्णालयाच्या नेक्सकार-१९ मध्ये निकामी केलेला लेन्टिव्हायरस रुग्णाच्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींत नवं जनुक पोहोचवतो. २०२३ मध्ये परवानगी मिळाली. पण ते काही रक्तकर्करोगांसाठी. गालातल्या गाठीला त्याचा उपयोग नाही.

•

विषाणू शिरेतून दिला तर रक्तातली प्रतिपिंडं त्याला वाटेतच गाठू शकतात, म्हणून सुई बहुधा थेट गाठीत. त्या हिशेबानं तोंडातली गाठ सोयीची. पण सुपारीनं गालाची आतली कातडी बरेचदा आधीच ताठरलेली असते, जबडा दोन बोटंही उघडत नाही. टॉर्च मारून आत बघायचं तरी डॉक्टरांची कसरत.