आजारपणाचा हिशेब आधीच मांडा

आमच्या सातारा-सांगली भागात उसाची लागण करतानाच शेतकरी पुढच्या वर्षाचा हिशेब मांडतो. आजारपणाचा मात्र कुणी मांडत नाही. डॉक्टर असून मीही मांडला नव्हता. सांगलीत वडिलांचे डायलिसिस सुरू झाले आणि दर आठवड्याला साताऱ्याहून जाताना तो मांडू लागलो.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. चांगलेच आहे. पण वाटा घटला म्हणजे रुपये घटलेच असे नव्हे. एकूण खर्च वाढत गेला, तर लहान वाटाही जड होतो.

सोपे गणित लक्षात ठेवा: ७२ ला वार्षिक वाढीच्या टक्क्यांनी भागा. खर्च दरवर्षी १२ टक्क्यांनी वाढला, तर साधारण ६ वर्षांत दुप्पट!

पुढच्या खर्चाचा अंदाज बांधताना लोकांचे वाढते वय, मधुमेह, रक्तदाब, नवे उपचार हे सारे धरावे लागते. वय कुणाला थांबवता येत नाही; साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवता येतात. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या. वडिलांची ही साधी तपासणी माझ्याकडून राहून गेली. तुमच्या घरात राहू देऊ नका.