देवगिरीचा कातळ

दिवाळीच्या सुट्टीत वेरूळला निघालेली मंडळी वाटेत दौलताबादला अर्धा तास उतरतात, चांदमिनार पाहतात आणि पुढे जातात. आमच्याही बेतात तसेच लिहिले होते. मी ते खोडले आणि वेरूळ दुसऱ्या दिवसावर ढकलले.

पाहायचा तो कातळ! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर थिजून दख्खनचे पठार झाले, त्यातलीच ही एकटी उरलेली, सहाशे फुटांची टेकडी. तिच्या कडा माणसाने तासून भिंतीसारख्या ताठ केल्या, खंदकही खडकातच खोदला. यादवांची ही देवगिरी. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली ती काही उगाच नव्हे.

घरात वाद निघाला तो आईवरून. वय बहात्तर, गुडघे दुखरे. "मी खाली झाडाखाली बसेन, तुम्ही जाऊन या," असे ती म्हणाली खरी, पण माझ्याकडे न पाहता. अखेर ठरले, की दार उघडताच शिरायचे आणि खंदकावरचा पूल ओलांडून अंधारीच्या तोंडापर्यंत तिने यायचेच. अंधारी म्हणजे शत्रूला चकविण्यासाठी खडकातून वर नेलेली काळोखी वाट. वटवाघळांचा उग्र दर्प आणि लहानमोठ्या पायऱ्या; तेव्हा बॅटऱ्या दोन हव्यात. तिचा गुडघा कुरकुरला, तर मी तिच्यापाशी थांबेन. मुले बारादरी पाहून येतील. फराळाचा डबा गाडीतच राहील, कारण माकडांना चकलीचे वावडे नाही.

काल पाहतो तो आई जुने कापडी बूट झटकून उन्हात ठेवीत होती.