एक जुने देणे

हिंगणघाटच्या बाजारात सरकी आणि ढेप विकणाऱ्या घराचे वर्ष जनावरांच्या वैरणीवर चालते. होळी उलटली, वणा नदीचे पात्र आटू लागले, शिवारातला हिरवा चारा संपला, की ढेपेला मागणी येते. एप्रिल-मे हे दोन महिने दुकानाच्या पायरीशी बैलगाड्यांची आणि पुढच्या काळात टेम्पोंची रीघ लागलेली असते. मृगाचा पाऊस पडून बांधावर गवत उगवले म्हणजे गिऱ्हाईक ओसरते. अशा घरातल्या मुलांना उन्हाळ्याची सुट्टी असते तेव्हा वडिलांना सवड नसते. वडिलांना सवड होते तेव्हा शाळा सुरू झालेली असते आणि पाठोपाठ चातुर्मास लागतो. म्हणून या घरात प्रवासाचे बेत नेहमी पुढच्या वर्षावर लिहिले जात. त्यात कोणाला विशेष दुःखही नव्हते. बाजारातील बहुतेक घरांत असेच चाले.

1989 साली मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड उघडले. दूरदर्शनवर त्याची जाहिरात लागू लागली आणि समुद्र ज्यांनी चित्रातही नीट पाहिला नव्हता, त्या वर्धा जिल्ह्यातील मुलांनाही तिचे गाणे पाठ झाले. वर्ध्याहून मुंबई रेल्वेने सुमारे साडेसातशे किलोमीटर. तेथून पुढे बोरिवली, मग खाडी ओलांडायला बोट. या साऱ्या गोष्टी त्या घरातल्या मुलीने भूगोलाच्या वहीच्या मागील पानावर क्रमाने लिहून ठेवल्या होत्या.

1995 च्या उन्हाळ्यात ती अकरा वर्षांची होती, धाकटा भाऊ आठ वर्षांचा. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे अडकलेली रक्कम वसूल करण्यासाठी बाबूजींना ऐन हंगामात जावे लागले. मुलाला पेढी दाखवावी, मोठ्या बाजाराची ओळख व्हावी, म्हणून त्यांनी त्याला बरोबर घेतले. काम एक दिवस आधी आटोपले आणि उरलेल्या दिवसात बापलेक बोटीत बसून गोराईला जाऊन आले. परत आल्यावर भावाच्या डोक्यावर निळी टोपी होती. बाबूजी मुलीला म्हणाले, "बाई, तुला पुढच्या वर्षी नक्की." तिने टोपी हातात घेऊन पाहिली, खुंटीला अडकवली आणि त्यानंतर तो विषय कधी काढला नाही. शहाण्या मुली असेच वागतात, असे तेव्हा सगळ्यांना वाटले. तिलाही वाटले.

ती शिकली, लग्न होऊन वर्ध्याला गेली. नवऱ्याच्या कापडाच्या दुकानाचे सारे हिशेब तीच पाहू लागली. भाऊ पुण्याला नोकरीत रमला. आई दोन वर्षांपूर्वी गेली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाबूजींनी 31 मार्च 2024 रोजी वर्षाचा हिशेब मिटवला आणि दुकान बंद केले.

बंद केले म्हणजे कुलूप लावले, एवढेच नव्हे. त्यानंतरचे तीन महिने ते जुन्या लाल वह्या घेऊन ओसरीवर बसत. ज्या शेतकऱ्यांकडे शे-दोनशे रुपयांची उधारी वर्षानुवर्षे होती, तिच्यावर काट मारत. मग उलट्या बाजूने पाहत, म्हणजे आपण कोणाचे किती देणे लागतो. एका हमालाची कधीतरी राहून गेलेली मजुरी त्याच्या मुलाला नेऊन दिली. एका शेजारणीने विश्वासाने ठेवलेली आणि ती वारल्यावर कोणी न मागितलेली रक्कम तिच्या नातवाच्या हाती मोजली. व्यापारी माणसाचे म्हातारपण बरेचदा येणे आठवण्यात जाते. देणे आठवणारे थोडे.

जूनच्या अखेरीस एका दुपारी त्यांनी वर्ध्याला फोन केला.

"बाई, तुझे एक देणे राहिले आहे."

"माझे? कसले बाबूजी?"

"एस्सेल वर्ल्ड."

ती हसली. "बाबूजी, मी चाळीस वर्षांची झाले. तुमच्या नातवाची यंदा दहावी आहे. आणि ते तर 2022 मध्येच बंद झाले."

पलीकडे काही क्षण शांतता होती. मग ते म्हणाले, "ज्याचे देणे ते ठिकाण उरले नाही, म्हणून देणे फिटत नाही. तुझ्या मुलाला विचारून ठेव, तसे दुसरे कोठे आहे."

नातवाने खोपोलीजवळचे इमॅजिका सांगितले. 2013 साली सुरू झालेले, सह्याद्रीच्या पायथ्याशी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ. तो हेही म्हणाला, की जुलैत तेथे जाण्यासारखा वेडेपणा नाही, पाऊस नुसता कोसळतो. परंतु चौमासी चौदसनंतर बाबूजी गाव सोडत नाहीत, हा नेम पन्नास वर्षांचा. तेव्हा जायचे तर त्याआधीच.

निघण्याच्या चार दिवस आधी तिच्या फोनवर भावाकडून एक मसुदा आला. हक्कसोडपत्र. दुकानाची जागा आजोबांच्या वेळची. ती विकायची, तर बहिणीची सही लागणार. खाली एकच ओळ होती. ताई, पुढच्या महिन्यात मी येतो तेव्हा निबंधक कार्यालयात जाऊन येऊ. तिने लगेच "हो" असे उत्तर पाठवले. नंतर तो मसुदा दुकानाच्या प्रिंटरवर छापून, घडी घालून पर्समध्ये ठेवला. का ठेवला, हे तिला सांगता आले नसते.

महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. जैन घरांनाही हाच हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील उरलासुरला संभ्रमही दूर केला. कायदा इतका स्पष्ट झाल्यामुळेच आता बहिणींकडे कागद येऊ लागले. पूर्वी त्यांची सही घेण्याचीही गरज नसे.

विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी वर्ध्याला येते आणि पहाटे कल्याण गाठते. बाबूजी हिंगणघाटहून एसटीने आले होते. हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत थेपले आणि खाकऱ्यांचा डबा. कल्याणहून खोपोलीची लोकल मिळाली. कर्जत मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर डोंगर असे काही दिसेना. पांढऱ्या पडद्यातून मधूनच एखादा धबधबा डोके काढी. विदर्भातला पाऊस ढग दाटून येतो, कोसळतो आणि निघून जातो. हा पाऊस मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा बसूनच होता.

उद्यानात गर्दी विरळ होती. रंगीत रेनकोट घातलेली महाविद्यालयीन मुले, दोनतीन कुटुंबे, आणि पांढरा झब्बा-पायजमा, काळी टोपी, हातात छत्री असे बाबूजी. मोकळ्यावरचे उंच पाळणे पावसाच्या जोराप्रमाणे थांबत आणि पुन्हा सुरू होत. ते त्यांच्या कामाचे नव्हतेच. गुडघ्यांचा विचार करून मुलीने छताखालचे खेळ निवडून ठेवले होते.

पहिला होता "आय फॉर इंडिया". प्रचंड वक्राकार पडद्यासमोर खुर्च्यांची रांग उचलली जाते, पाय अधांतरी लोंबतात आणि समोर देश उलगडू लागतो. डोंगर, नद्या, देवळे, किल्ले, सारे पक्ष्याच्या उंचीवरून. खुर्ची हलली तसा बाबूजींनी तिचा हात पकडला. ज्यांचे अर्धे आयुष्य गादीवर बसून गेले, त्यांच्या तळव्यांखाली आता हजारो फूट पोकळी होती. बाहेर आल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आईला हे दाखवायला हवे होते. तिला उंचावरून पाहायची फार आवड. गच्चीवर जाऊन तासन्‌तास उभी राहायची." मुलीला ही आवड ठाऊक नव्हती. तिला वाटे, आई गच्चीवर पापड पाहायला जाते.

पुढे राजासॉरस नावाच्या डायनासोरच्या नावाने एक जलसफर आहे. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या हाडांवरून 2003 साली या प्राण्याला नाव मिळाले, असे तिने सांगितले. बाबूजींना त्याचे मुळीच नवल वाटले नाही. "आपल्याकडे पिसदुऱ्याला निघतात ना असले दगड. तिकडचे कास्तकार कापूस घेऊन यायचे, ते सांगायचे." हे खरेच आहे. वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे गाव डायनासोरांच्या अवशेषांसाठी जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे, आणि हिंगणघाटच्या बाजारातील एका दुकानदाराला ते ढेप नेणाऱ्या गिऱ्हाइकांकडून कळले होते. सफरीत मात्र बसले नाहीत. "भिजायचेच असेल तर बाहेर फुकट भिजता येते," म्हणाले.

मग लाकडी घोड्यांचे चक्र आले. बाबूजी थांबले.

"यावर बस."

"मी?"

"मग कोण? तिकीट कोणाचे काढले आहे?"

ती ओशाळली, इकडेतिकडे पाहिले आणि एका पांढऱ्या घोड्यावर बसली. चक्र फिरू लागले. तिची पर्स एका हातात आणि छत्री दुसऱ्या हातात धरून बाबूजी कठड्याशी उभे होते. घोडा त्यांच्यासमोरून जाई तेव्हा ते पर्स असलेला हात वर करत, लहान मुलाला करावा तसा. घोडा दृष्टिआड झाला, की हात खाली येई. पुन्हा समोर आला, की वर. एकही फेरी त्यांनी चुकवली नाही. शेजारी उभी असलेली दोन मुले हसली, ते त्यांना दिसले नसावे किंवा दिसले असले तरी चालले.

दुपारनंतर पावसाने असा जोर धरला, की एका छपराखालच्या बाकावर बसून राहण्यापलीकडे काही करता येईना. तिने रुमाल काढायला पर्स उघडली आणि घडीचा कागद वर आला. बाबूजींनी हात पुढे केला. चष्मा लावून त्यांनी तो वही तपासावी तसा ओळीओळीने वाचला.

"हा कधी आला?"

"मागच्या आठवड्यात. मी हो म्हणून कळवलेसुद्धा. मला काय करायचे आहे, बाबूजी? आमचे चांगले चालले आहे."

"तुझे चांगले चालले आहे, ते मला माहीत आहे." त्यांनी कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडला. "तुला नको असेल, तर तू नको म्हण. पण नको म्हणायलासुद्धा आधी कोणी विचारावे लागते. यात तुला कोणी विचारलेले दिसत नाही. मीही नाही."

ती काही बोलली नाही. छपराच्या पन्हाळीतून पाणी धारेने खाली पडत होते.

"त्या वर्षी मुंबईला तुला नेले नाही," ते सावकाश म्हणाले. "तुझी आई म्हणाली होती, दोघांना न्या. मी म्हटले, मुलीला पेढी दाखवून काय करायचे? आणि आता बघ, तुझ्या सासरची पेढी तूच चालवतेस."

"बाबूजी, मी ते केव्हाच विसरले."

"तू विसरली नाहीस. ती टोपी तू स्वतः खुंटीला लावलीस. भावाला लावू दिली नाहीस. मी पाहत होतो."

एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच तिला कळले, की त्या संध्याकाळी कोणीतरी तिच्याकडे पाहत होते. तिला राग आला. पाहिले होते, तर इतकी वर्षे गप्प का राहिले? हा प्रश्न तिने विचारला नाही. पण तो तिच्या चेहऱ्यावर उमटला असावा, कारण बाबूजींनी मान खाली घातली आणि छत्रीच्या टोकाने फरशीवरचे पाणी इकडून तिकडे सारत बसले. वडिलांना अशा रीतीने मान खाली घालताना तिने कधी पाहिले नव्हते. तिचा राग गेला असे नाही. ती फक्त थोडी सरकून त्यांच्या जवळ बसली.

सहा वाजता ते बाहेर पडले. दिवसभर सूर्य दिसलाच नव्हता, पण चौविहाराला ढगांची सबब चालत नाही. बाबूजींनी घड्याळ पाहिले. सूर्यास्त सव्वासातच्या सुमाराचा. भाड्याच्या जीपमध्ये बसून, काचा धुक्याने भरलेल्या, दोघांनी डब्यातले थेपले आणि गुळाचा खडा खाल्ला. गरम पाण्याची बाटली अर्धी उरली होती. तिने ती त्यांच्याकडे केली. त्यांनी थोडे पाणी घेतले आणि उरलेले तिला परत दिले. "संपव. सात वाजून गेले."

हिंगणघाटला परतल्यावर दुसऱ्या सकाळी त्यांनी रोजमेळ काढला. दुकान नसले तरी रोजमेळ चालूच आहे. एसटी, रेल्वे, लोकल, जीप, प्रवेशाची दोन तिकिटे, असा सारा खर्च मुलीच्या नावाने लिहिला. ती त्यांना पोहोचवायला आली होती आणि सासरी निघण्याच्या गडबडीत होती. उभ्या उभ्या वहीत डोकावून म्हणाली, "झाले ना आता, बाबूजी? मारा रेघ. खाते बंद करा."

त्यांनी लेखणी टोपणात घातली. हक्कसोडपत्राचा कागद त्यांनी कालपासून तिला परत दिला नव्हता. तो त्या पानात ठेवला आणि वही मिटली.

"तुझ्या भावाला येऊ दे," म्हणाले. "राखीला येणार आहे. तिघे बसू."