सुटणे आणि सोडणे

विज्ञानावरच्या एका पुस्तकाचा अनुवाद करत होते. पेशी ऊर्जा कशी साठवते आणि कशी वापरते, हे प्रकरण. सुरुवात सोपी गेली. चरबी, ग्लायकोजेन ही ठेव. एटीपी म्हणजे खिशातली मोड. १९२९ मध्ये जर्मनीत लोमान यांना, आणि त्याच सुमारास बॉस्टनमध्ये फिस्के व भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना हा रेणू सापडला. अंगात तो एका वेळी फार तर ५०-१०० ग्रॅम. पण दिवसभर मोडत आणि पुन्हा जुळत तो इतका फिरतो, की एकूण उलाढाल जवळपास आपल्या वजनाइतकी भरते.

अडले ते स्नायूंपाशी. मायोसिन अ‍ॅक्टिनला धरून ओढतं आणि स्नायू आकुंचन पावतो. पुढे मी सवयीने लिहून गेले, ‘ऊर्जा संपली की पकड सुटते.’ मूळ मजकूर पाहिला तर नेमकं उलट. एटीपीचा नवा रेणू येऊन चिकटला, तरच मायोसिन अ‍ॅक्टिनला सोडतं. तो आला नाही, तर धरलेलं धरलेलंच राहतं. मृत्यूनंतर एटीपी काही वेळ पुरतं, तोवर अंग सैल असतं. मग ते संपतं, नवं बनत नाही, आणि शरीर ताठरतं.

बाबा पहाटे चारला गेले. हात माझ्या हातात होता, मऊ. दादा पोचला दुपारी एकला. घर सोडल्यापासून दोघांचं बोलणं नव्हतं. त्याने बाबांचा हात हातात घ्यायला पाहिला, पण अर्धवट मिटलेली बोटं हलेनात. ‘माझ्यासाठी मूठ उघडली नाही त्यांनी,’ असं तो गेल्या बारा वर्षांत दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा मी विषय बदलला.

‘सुटते’ खोडलं. ‘सोडायलाही ऊर्जा लागते’ असं लिहिलं आणि रात्री दादाला फोन केला. सगळा परिच्छेद वाचून दाखवला. राग नव्हता रे तो, म्हटलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे सकाळी आलो असतो तर?’

अनुवादात असं एखादं वाक्य गाळायचा मोह होतो.

‘मऊ होता हात,’ मी म्हटलं.