गोदामावरचा दिवा

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची घरची रीत या छंदाला फारच सोयीची ठरली. सांगलीतील हळदीच्या एका जुन्या पेढीवर बसणारा हा धाकटा मुलगा. इतर घरांत पाने वाढली जात असतात, तेव्हा तो मोकळा झालेला असतो आणि दुर्बिणीचे तिकाटणे खांद्यावर घेऊन गच्ची गाठतो. पहिले काम ध्रुव शोधण्याचे. सांगलीहून ध्रुव उत्तर क्षितिजाच्या जेमतेम सतरा अंश वर दिसतो, म्हणजे शेजारच्या पाण्याच्या टाकीला जवळजवळ चिकटून. दुर्बिणीच्या बैठकीचा आस त्या दिशेला अचूक रोखला, की पृथ्वी जितकी फिरते तितकीच बैठक उलट फिरते आणि तारे कॅमेऱ्यापुढे स्थिर राहतात.

डोळ्याला न दिसणारे तेजोमेघ टिपायचे, तर कॅमेऱ्याचे झाकण तीन-तीन मिनिटे उघडे ठेवावे लागते. असे चाळीस-पन्नास फोटो एका रात्रीत निघतात. एकेक पाहिला, तर त्यात करड्या कचऱ्याखेरीज फारसे काही आढळत नाही. संगणकावर ते एकावर एक रचले, की कचरा विरत जातो आणि खरा प्रकाश वर येतो. कारण प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, कचरा दर वेळी जागा बदलतो. मात्र इथला हिशेब कडक आहे. स्वच्छता दुप्पट हवी, तर फोटो चौपट लागतात. हे गणित एकदा अण्णांना, म्हणजे वडिलांना, दुकानात सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एवढेच म्हटले होते, "चौपट माल घालून दुप्पट? तोट्याचा धंदा आहे हा."

मुलाच्या मनात भरले होते ते अश्वशीर्ष. मृग नक्षत्रातील तीन ताऱ्यांच्या बाणात सर्वांत पूर्वेकडचा जो तारा, त्याच्या लगत हायड्रोजन वायूचा तांबूस पडदा आहे आणि त्या पडद्यासमोर धुळीचा एक काळा ढग घोड्याच्या मुखासारखा उभा आहे. अंतर सुमारे 1,400 प्रकाशवर्षे. 1888 मध्ये अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेच्या काचेच्या छायापट्टीवर तो प्रथम ओळखला विल्यमिना फ्लेमिंग या बाईंनी. त्या आधी वेधशाळेच्या संचालकांच्या घरी मोलकरीण होत्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लिव्हरपूलनजीक मघल येथे आयझॅक रॉबर्ट्स या बांधकामाच्या व्यावसायिकाने देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र घेतले आणि तिचे वळसे त्यात प्रथम स्पष्ट झाले. तोही पोटासाठी धंदा करणारा माणूस, हे मुलाला विशेष आवडे.

अश्वशीर्ष मात्र हाती लागेना. कॅमेऱ्यातील मूळ गाळणी ही तांबूस छटा बरीचशी अडवते, म्हणून ती काढून टाकलेला जुना कॅमेरा त्याने घेतला. फक्त हायड्रोजनचा लाल प्रकाश आत सोडणारी महाग गाळणी घेतली. तरीही प्रत्येक फोटोत एका बाजूने पांढरट झाक येई. तिचे मूळ बाहेर नव्हते, घरच्याच आवारात होते. गच्चीसमोर, गोदामाच्या छपरावर लावलेला एलईडीचा झोत.

या दिव्यालाही इतिहास आहे. आजोबांच्या काळी माल हरिपूरच्या पेवांत असे. जमिनीखालचा खोल खड्डा, तोंड लिंपले की आत अंधार आणि हवाबंद कोरडेपणा. तिथे दिव्याचे काम नव्हते. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, तेव्हा अण्णांनी माल घरामागच्या गोदामात आणला. पुढे एका रात्री कुलूप तुटले, काही पोती गेली आणि दुसऱ्याच दिवशी तो झोत छपरावर चढला. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी लागे आणि पहाटे मालवे. मुलाने दोनदा भीत भीत विषय काढला. "आभाळाचे फोटो काढायला माल उघड्यावर टाकू का?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. लाखोंचा माल आत, त्यातला काही दुसऱ्यांचा ठेवीला. अण्णांचे चुकत होते असे म्हणता येणार नाही.

पावसाळ्यात दुर्बीण कपाटात जाते. जून ते सप्टेंबर आकाशच नसते. त्या वर्षी चातुर्मास बसून आठवडा झाला असेल. अण्णा पहाटे मंदिरात निघाले, ते गोदामापाशी थांबले. झोताखालच्या फरशीवर पंखांचा थर होता. रोजच असे, गडी रोज झाडून टाकी. त्या दिवशी गडी यायचा होता. थरातले काही जीव अजून वळवळत होते. अण्णा बराच वेळ तिथे उभे राहिले. मग हळूच, पाऊल जपत मागे फिरले आणि त्यांनी बटण बंद केले.

संध्याकाळच्या जेवणाला ते म्हणाले, "तो दिवा आता लावायचा नाही. राखणदार ठेवू." आईने पगाराचा आकडा विचारला. त्यांनी सांगितला. नंतर कोणी काही बोलले नाही.

मुलाला खरे तर आनंद व्हायला हवा होता. पण ढगांच्या दिवसांत त्या अंधाराचा त्याला उपयोग नव्हता आणि अण्णांनी तो त्याच्यासाठी केलाही नव्हता. दोन वर्षे त्याने त्या दिव्याच्या प्रकाशाची मापे काढली होती, कोन मोजले होते, फोटोतली झाक पुसण्याच्या युक्त्या शोधल्या होत्या. दिव्याखाली काय पडते, हे त्याने एकदाही पाहिले नव्हते. हे त्याने आईला सांगितले, अण्णांना सांगू शकला नाही.

कार्तिकी पौर्णिमेनंतर त्याने विषय काढला नाही. अण्णांनीच काढला. "तुझं ते घोड्याचं तोंड कधी दिसतं?" मग वायरमन आला. झोत उतरला. त्याच्या जागी पत्र्याचे टोपण घातलेला, फक्त खाली उजेड टाकणारा पिवळा दिवा बसला. कोणी हालले तरच तो लागतो. राखणदार राहिला तो राहिलाच. या दिव्यालाही एक खोड निघाली. मांजर गेले तरी तो उजळतो. तिसऱ्या रात्रीचे अकरा फोटो एका बोक्यापायी टाकून द्यावे लागले.

मार्गशीर्षातल्या पाच रात्री जमल्या. चित्र तयार झाले, ते मुलाने दुकानात सौद्यांच्या मधल्या वेळेत मोबाइलवर दाखवले. अण्णांनी ते जवळ धरून पाहिले, मग लांब धरून पाहिले.

"हा काळा भाग म्हणजे तिथे काही नाही?"

"तिथेच तर आहे, अण्णा. धुळीचा ढग आहे. मागचा उजेड त्यानं अडवलाय, म्हणून आकार दिसतो."

"कडेला अजून कचरा वाटतो."

"हो. फोटो कमी पडले."

अण्णांनी मोबाइल परत दिला. समोर हळदीचे नमुने घेऊन माणूस येऊन बसला होता. एक गाठ हातात घेऊन त्यांनी ती मोडली, आतला रंग पाहिला आणि त्या माणसाला भाव सांगण्याआधी मुलाकडे वळून म्हणाले, "पाच झाल्या ना? म्हणजे दुप्पट व्हायला अजून पंधरा रात्री. राखणदाराला सांगून ठेव, मांजर गच्चीच्या बाजूला येऊ देऊ नको म्हणावं."