ब्रेकचा आवाज

पूर्वी लातूरला अरुंद रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे यायची. स्टेशनात शिरताना तिची चाकं किंचाळायची. एसटीचा ब्रेक लागला की आधी लांबलचक कण्हणं आणि मग हवा सुटल्याचा फुस्स आवाज. वडिलांच्या सायकलचे रबरी गुटके पावसात रिमवर कुंई करायचे. ते सायकल उलटी उभी करायचे, पान्याने गुटका सैल करून जरा तिरका बसवायचे, पुढचं टोक रिमला आधी लागेल असा. कुरकुर थांबायची. का थांबायची, हे मला पुढे फार वर्षांनी उमगलं.

फियाट-अॅम्बेसेडरच्या जमान्यात चारही चाकांना ड्रम असायचे. आमच्या घरी गाडी आली ती पुढच्या चाकांना डिस्क असलेली. डिस्क उघडी असते आणि आपल्याकडे उन्हाळाभर फुफाटा. लातूरच्या गंज गोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात, तिथे तर पाय ब्रेकवरच असतो. अशा एका उन्हाळ्यात गाडी ओरडायला लागली. एका गॅरेजवाल्याने पॅडवर ऑइलचे दोन थेंब सोडायची तयारी दाखवली. मी गाडी तशीच बाहेर काढली. आवाज गेला आणि गाडी थांबली नाही, तर समोरच्या शाळेतल्या पोराला कोण उत्तर देणार?

मग आमच्या मेकॅनिककडे, उस्तादांकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. “कवापासून वरडायलीय? दाबल्यावर का सोडल्यावर?” निम्मं निदान या प्रश्नातच असतं. पावसाच्या रात्रीनंतर सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकपुरता आवाज आला, तर तो डिस्कवरचा गंज, आपोआप जातो. पॅड झिजत आला की डिस्कला घासून ओरडावी म्हणून काही पॅडना मुद्दाम एक पत्र्याची पट्टी लावलेली असते. आमची गाडी हलका ब्रेक दाबला की ओरडायची. अशा वेळी पॅड डिस्कला धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि डिस्क झांजेसारखी वाजते.

हा त्रास डिस्कइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याचे पॅड तांब्याचे होते आणि त्यांचा आवाज ऐकवत नसे. पुढे हर्बर्ट फ्रूडने अॅस्बेस्टॉसचं अस्तर सुचवलं, तेव्हा कुठे तो शमला. मात्र त्याच तंतूंनी माणसांची फुप्फुसं खाल्ली. उस्ताद ब्रेकची धूळ हवेने उडवत नाहीत, ओल्या फडक्याने पुसतात, ते मला फार मोलाचं वाटतं.

चाक निघालं. खालचा बोल्ट काढून त्यांनी पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर वर उचलला आणि तारेने बांधला, ब्रेकच्या नळीवर ताण नको म्हणून. आतला पॅड पार झिजलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. “पिन जाम हाय,” ते म्हणाले. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांतली खालची पिन हाताने हलेना. पिळून पिळून ओढली, तर ग्रीसच्या जागी धुळीची काळी, कडक पापडी. पिन लख्ख पुसली, रबरी टोपी फाटली नाही ना ते पाहिलं आणि सिलिकॉन ग्रीस लावलं. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. डिस्कची जाडी व्हर्नियरने मोजली. किमान किती हवी तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. ती ठीक होती. पॅड मात्र दोन्ही चाकांचे बदलले. बसवण्याआधी त्यांनी कानस घेतली आणि प्रत्येक पॅडची कड जराशी तिरकी घासली, डिस्कला टोकदार कडेने धरू नये म्हणून. वडिलांच्या गुटक्यामागचं गणित तेव्हा माझ्या डोक्यात बसलं.

गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबायला लावलं, कारण पिस्टन मागे ढकललेला असतो. मग औसा रोडला मोकळा रस्ता गाठायचा, साठच्या वेगावरून हळूहळू वीसवर यायचं, पुरतं थांबायचं नाही, पुन्हा पळवत डिस्क थंड होऊ द्यायची, असं काही वेळा. नव्या पॅडला लगेच पुरी पकड नसते, तोवर गर्दीत शिरायचं नाही, हे उस्तादांनी दोनदा बजावलं.